पादचारी अपघात भरपाई दावा

पायी चालणाऱ्याला मोटार वाहनाची धडक बसून इजा झाल्यास त्याने वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध केलेली नुकसानभरपाईची मागणी. भारतात हा दावा दिवाणी न्यायालयात चालत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे येतो. अपघात जिथे झाला किंवा जखमी जिथे राहतो, त्या हद्दीत तो दाखल करता येतो. म्हणजे पुण्यात धडक बसलेल्या सातारकराला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा लागू झाली; १९९४ च्या दुरुस्तीने ती काढली होती.

चालकावरचा फौजदारी खटला वेगळा. तिथे गुन्हा संशयापलीकडे शाबित व्हावा लागतो, इथे संभाव्यतेचे पारडे झुकले तरी पुरते; त्यामुळे चालक निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप पडत नाही. ‘माणूस अचानक आडवा आला’ हा बचाव मात्र हमखास घेतला जातो आणि तो अंशतः टिकला, तर पादचाऱ्याच्या निष्काळजीपणाच्या प्रमाणात भरपाई कापली जाते. अशा वेळी घटनास्थळाचा पंचनामा बोलतो. रस्त्याची रुंदी, टायर घासल्याच्या खुणा, काचा आणि चपला कुठे पडल्या होत्या, एवढ्या चार ओळींवर निम्मा वाद मिटतो. पोलिसांनी त्या घाईत खरडल्या असतील तर वाढतो.

दवाखान्याची बिले, बुडालेली मजुरी, शुश्रूषेचा खर्च आणि वेदना यांची भरपाई वेगवेगळी मोजतात. मोठी रक्कम ठरते ती भावी कमाईच्या नुकसानीवर. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रमाणपत्रावरील अपंगत्वाचा टक्का जसाच्या तसा घ्यायचा नाही; जखमीच्या कामावर त्याचा काय परिणाम झाला ते पाहायचे. डावा हात गमावलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते. विमा कंपन्यांचे वकील आजही टक्क्यालाच चिकटून बसतात.

हिशेबाचे कल्पित उदाहरण: वय ३८, स्वतःचा धंदा, महिन्याला २०,००० रुपये. भावी वाढीचे ४० टक्के धरून २८,०००, वर्षाचे ३,३६,०००. कमाईचे ३० टक्के नुकसान म्हणजे १,००,८००. सरला वर्मा निकालातील (२००९) तक्त्यानुसार या वयाचा गुणक १५. भरपाई १५,१२,००० रुपये. गृहिणीच्या घरकामाचेही उत्पन्न धरले जाते.

पादचारी हा त्रयस्थ पक्ष असल्याने वाहनाचा सक्तीचा विमा त्याच्या कामी येतो. चालकाकडे वैध परवाना नसला, तरी अनेकदा कंपनीने आधी पैसे भरावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होतो. बरीच प्रकरणे लोकअदालतीत तडजोडीने निघतात. रक्कम कमी, पण हातात लवकर पडते.

वाहन सापडलेच नाही, तर न्यायाधिकरणाऐवजी प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करावा लागतो. २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूस २ लाख आणि गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये मिळतात. पुढे वाहनाचा शोध लागून दावा मंजूर झाला, तर ही रक्कम त्यातून वळती होते.