आधीच आजार, त्यात लस?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, २०२१ सालचे पहिले तीन महिने आठवून पाहा. माझी एक मावशी तेव्हा बावन्न वर्षांची होती. पंधरा वर्षांपासून तिला संधिवात. साधा नव्हे, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो. ती शक्ती आवरून धरणाऱ्या गोळ्या तिला रोज घ्याव्या लागत. जानेवारीत एका देशी लशीच्या माहितीपत्रकात सल्ला आला की, अशी औषधे घेणाऱ्यांनी ही लस घेऊ नये. १ मार्चपासून मात्र ४५ ते ५९ वयोगटातील ठरावीक दीर्घ आजारांच्या रुग्णांना प्राधान्याने लस खुली झाली आणि त्या यादीत नेमकी अशीच औषधे दीर्घकाळ घेणारेही होते. मावशीने मला फोनवर विचारले, ''अरे, मग मी नक्की कुठे बसते? नको म्हटलेल्यांत, की पहिल्या रांगेत?''

तिला हट्टी किंवा अडाणी म्हणणे सोपे होते. पण हाच प्रश्न तिच्या वीस-पंचवीस वर्षे आधी एका प्रगत देशाने स्वतःला विचारला होता. तो देश म्हणजे फ्रान्स. तिथे जे घडले ते आज पुन्हा वाचण्यासारखे आहे.

हेपॅटायटिस बी म्हणजे 'ब' प्रकारची कावीळ. काही जणांत ती वर्षानुवर्षे मुक्काम करते आणि पुढे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. सर्व देशांनी आपल्या लसीकरणात या लशीचा समावेश करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ मध्ये सुचवले. फ्रान्सने १९९४ मध्ये शाळांतून मोहीम सुरू केली. रोख होता अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर, पण मोहिमेचा गाजावाजा इतका झाला की मोठी माणसेही दवाखान्यांत लोटली. चार वर्षांत कोट्यवधी लोकांनी ही लस टोचून घेतली.

इथेच घोळ झाला. मल्टिपल स्क्लेरॉसिस नावाचा एक आजार आहे. त्यात प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते. कधी दृष्टी अधू होते, कधी पाय जड पडतात. रुग्ण बरा होतो, पण आजार पुन्हा उलटतो. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि स्त्रियांत अधिक आढळतो. त्याच वयाच्या लाखो लोकांनी लस घेतल्यावर त्यांतल्या काहींना पुढच्या काही आठवड्यांत तो आजार जडणारच होता. लस घेतली नसती तरीही. पण ज्याच्या घरात हे घडले त्याला योगायोग कसा पटावा? लस आधी, आजार नंतर, एवढेच त्याला दिसत होते.

सर्वांत मोठी पंचाईत झाली ती ज्यांना हा आजार आधीपासूनच होता त्यांची. त्यांची शंका तर्काला धरून होती. आपली प्रतिकारशक्तीच बिथरलेली आहे. तिला मुद्दाम डिवचले तर आजार उलटणार नाही का?

१ ऑक्टोबर १९९८ रोजी फ्रान्सचे आरोग्यमंत्री बर्नार कूशनेर यांनी शाळांतील मोहीम स्थगित केली. तान्ह्या बाळांना लस द्यावी, मोठ्या मुलांचे घरच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे, असेही त्यांनी सांगितले. पण लोकांच्या कानांवर गेला तो एकच शब्द : थांबवले. पुढची दहा वर्षे तिथल्या तान्ह्या बाळांतही या लशीचे प्रमाण इतर लशींच्या कितीतरी मागे राहिले.

शास्त्रज्ञ गप्प बसले नव्हते. २००१ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. पहिला अमेरिकेतील परिचारिकांचा. त्यात लस आणि हा आजार यांचा संबंध आढळला नाही. दुसरा युरोपातील ६४३ रुग्णांचा, ज्यांचा आजार उलटला होता. त्याची पद्धत मोठी साधी होती. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली. आजार उलटण्याआधीच्या दोन महिन्यांत लस घेतलेले किती, आणि त्याही आधीच्या तेवढ्याच काळात किती? लशीमुळे आजार उलटत असता, तर पहिला आकडा मोठा यायला हवा होता. प्रत्यक्षात तो २.३ टक्के होता. आधीच्या काळांत २.८ ते ४ टक्के. २००४ मध्ये ब्रिटनमधील नोंदींवरच्या एका अभ्यासाने उलट कौल दिला, हेही सांगायला हवे. परंतु सगळे पुरावे एकत्र ठेवले तर आरोप सिद्ध होत नाही.

तरी भीती गेली नाही. खटले न्यायालयांत चालूच राहिले. त्यांतला एक २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचला. शेवटी २०१८ पासून जन्मलेल्या बालकांसाठी फ्रान्सने अकरा लशी सक्तीच्या केल्या, त्यांत हीही आली. तोवर मोहीम थांबवल्याला वीस वर्षे होत आली होती.

मला वाटते, फ्रान्सची चूक शंका मनावर घेण्यात नव्हती. चूक ही की, शंकेला उत्तर मिळण्याआधी निर्णय आला, आणि उत्तर मिळाल्यावर ते रुग्णाजवळ बसून सांगायला पुरेसे कोणी गेले नाही. दीर्घ आजाराच्या माणसाला 'लस सुरक्षित आहे' एवढे मोघम वाक्य पुरत नाही. त्याला जिवंत जंतूंची लस वेगळी आणि मृत जंतूंची वेगळी, हे कळायला हवे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जिवंत लस सहसा टाळतात. हेपॅटायटिस बीच्या लशीत जिवंत काहीच नसते. शिवाय लस टाळली म्हणून धोका टळत नाही. प्रत्यक्ष संसर्गाने अशा रुग्णांचे जास्त हाल होतात.

मावशीच्या डॉक्टरांनी तिला अर्धा तास दिला. गोळ्यांमुळे लशीचा गुण थोडा कमी येऊ शकेल, हेही लपवले नाही. तिने लस घेतली. दोन दिवस अंग दुखले, ताप आला, गेला. नंतर ती म्हणाली, ''लशीला मी भीत नव्हते रे. माझा आजार कोणी धड विचारलाच नव्हता.''