अस्थिभक्षी कृमी आणि धारचा लुप्त समुद्र

ओसेडॅक्स हे समुद्रतळाशी पडलेल्या हाडांवर जगणाऱ्या कृमींच्या एका प्रजातीचे शास्त्रीय नाव आहे. लॅटिन भाषेत ‘ओस’ म्हणजे हाड आणि ‘एडॅक्स’ म्हणजे खादाड. गांडूळ आणि जळू ज्या वलयांकित प्राण्यांच्या संघात मोडतात, त्याच संघातील हा प्राणी. परंतु त्याला तोंड नाही, आतडे नाही आणि गुदद्वारही नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरी उपसागरात २,८९१ मीटर खोलीवर करड्या देवमाशाचा सांगाडा संशोधकांच्या दूरनियंत्रित पाणबुडीला आढळला. त्याच्या हाडांवर लाल तुऱ्यांचे जणू गवत उगवले होते. ग्रेग राउस, शाना गॉफ्रेडी आणि रॉबर्ट व्ह्रायेनहूक यांनी २००४ मध्ये या तुऱ्यांच्या दोन जातींचे वर्णन प्रसिद्ध केले.

वृत्तपत्रांनी या कृमीला ‘झोंबी’ हे नाव देऊन टाकले. ते चटकदार असले तरी दिशाभूल करणारे आहे, कारण या प्राण्याची राहणी प्राण्यापेक्षा झाडाच्या अधिक जवळची आहे. पाण्यात डोलणारा तुरा कल्ल्यांचे काम करतो, तर शरीराचा खालचा भाग मुळासारखा फुटून हाडात शिरतो. या मुळांची त्वचा आम्ल स्रवते आणि त्या आम्लाने हाडातील खनिज विरघळते. मुळांच्या आत राहणारे जिवाणू हाडातील कोलॅजन व मेद यांच्या पचनात वाटा उचलतात, असे मानले जाते. डोळ्यांना दिसणारे हे सर्व कृमी बहुधा माद्याच असतात. नर सूक्ष्म असून मादीच्या नळीतच, कधी डझनांनी तर कधी शंभरांहून अधिक संख्येने, वस्ती करतात. २०१४ मध्ये उजेडात आलेल्या ‘प्रायापस’ या जातीत मात्र नर मादीएवढ्याच बांध्याचा निघाला आणि नियमाला अपवाद मिळाला.

नवी जाती जाहीर करणे हे काम वाटते तेवढे सोपे नाही. कृमी हाडात रुतलेला असल्याने प्रथम हाड फोडून त्याची मुळे अखंड सोडवावी लागतात. तुऱ्याचा रंग परिरक्षक द्रवात उतरतो, म्हणून नमुना जिवंत असतानाच छायाचित्रे घ्यावी लागतात. दिसायला सारखे असलेले दोन कृमी अनुवंशाने फार दूरचे असू शकतात. त्यामुळे जनुकांची तुलना अनिवार्य ठरते. त्यानंतर ज्या एका नमुन्याशी नाव कायमचे बांधले जाणार, तो संग्रहालयात जमा करून त्याची नोंद शोधनिबंधात द्यावी लागते. नावांच्या बाबतीत शास्त्रज्ञ पुष्कळदा मिश्कील होतात. स्वीडनच्या किनाऱ्याजवळ, अवघ्या १२५ मीटर खोलीवर मिळालेल्या जातीचे नाव ‘म्युकोफ्लोरिस’ आहे. त्याचा अर्थ सरळ ‘शेंबडाचे फूल’ असा होतो. मॉन्टेरीच्या संशोधकांनी मेलेले देवमासे ओढून नेऊन वेगवेगळ्या खोलीवर मुद्दाम बुडवले, आणि २०१८ मध्ये त्या एकाच उपसागरातून १४ नव्या जाती एकदम नोंदवल्या. आज नामकरण झालेल्या जातींची संख्या दोन डझनांहून अधिक आहे.

हे कृमी केवळ देवमाशांवर अवलंबून नाहीत. प्रयोगासाठी समुद्रात सोडलेल्या गाईच्या आणि माशांच्या हाडांवरही ते रुजले. मेक्सिकोच्या आखातात सुमारे २,००० मीटर खोलीवर ठेवलेल्या मगरकुळातील ॲलिगेटरच्या सांगाड्यावरही ते वाढलेले आढळले. यातूनच त्यांच्या वयाचा प्रश्न उभा राहिला. जनुकांतील बदलांच्या गतीवरून काढलेली उत्तरे दोन होती: सुमारे ४.५ कोटी वर्षे, म्हणजे देवमाशांच्या उदयाच्या आसपास. किंवा सुमारे १२.५ कोटी वर्षे, म्हणजे डायनोसॉरच्या काळात. मऊ शरीराचा कृमी स्वतः जीवाश्म होत नाही. त्याने हाडात पोखरलेली पोकळी मात्र हाडासोबत दगड होऊ शकते. बाहेर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे गोल छिद्र आणि आत फुगत गेलेली खोली, अशी तिची खूण असते. सिल्व्हिया डानिसे आणि निकोलस हिग्ज यांनी २०१५ मध्ये ही खूण इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या प्लेसिओसॉर या सागरी सरीसृपाच्या हाडात दाखवली. ते हाड सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचे होते. दुसरे उत्तर खरे ठरले. प्लेसिओसॉर नष्ट झाल्यानंतर देवमासे येईपर्यंतच्या काळात या कृमींना सागरी कासवांनी जगवले असावे, असे दिसते.

त्याच सुमारास मध्य भारतातही समुद्र शिरलेला होता. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचे बाघ हे गाव भित्तिचित्रांच्या लेण्यांसाठी प्रसिद्ध आहे. भूशास्त्रात ते ‘बाघ थरां’साठी ओळखले जाते. आजच्या किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरहून अधिक आत असलेल्या या प्रदेशात, नर्मदेच्या खचदरीतून पश्चिमेकडील समुद्राचा एक फाटा आला होता. क्रिटेशस कल्पात, सुमारे १० ते ८.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान, त्याने वालुकाश्म आणि चुनखडीचे थर साठवले. त्यांत शिंपले, अमोनाइट, सागरी अर्चिन आणि शार्कचे दात मिळतात. टायकोडस या कवचे फोडून खाणाऱ्या शार्कचे चपटे दात त्यांपैकीच होत. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्याने बहुधा दात तेवढे उरतात. हा समुद्र उथळ होता. परंतु ओसेडॅक्सच्या आजच्या काही जातीही उथळ पाण्यात राहतात.

देवासची गोष्ट वेगळी. दोन्ही संस्थाने पवार घराण्याचीच, पण देवासची भूमी मुख्यत्वे काळ्या बेसॉल्टची आहे. कुमार गंधर्वांच्या वास्तव्यामुळे मराठी रसिकांना परिचित झालेली मातेची टेकडीही त्याच कातळाची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याने माळव्याचे पठार झाकले. धारच्या दक्षिणेस नर्मदा आणि तिच्या उपनद्यांनी तो लाव्हा कापला आणि खालचे समुद्राचे थर उघडे पडले.

या थरांवर लाव्ह्याच्या अगोदरचे आणखी एक पान आहे. लॅमेटा थरांतून टायटनोसॉर डायनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवणारा शोधनिबंध जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अंड्यांचा व्यास साधारण १५ ते १७ सेंटिमीटर होता. बाकानेर येथील शिक्षक विशाल वर्मा या निबंधाच्या लेखकांपैकी एक. या भागातील जीवाश्म त्यांनी वर्षानुवर्षे पायी फिरून शोधले आहेत. पाडल्या गावात असेच गोल दगड शेतकरी ‘काकर भैरव’ म्हणून पूजत होते. ती डायनोसॉरची अंडी असल्याचे २०२३ च्या अखेरीस सांगितले गेले. पूजेतल्या दगडांना कोणी हात लावला नाही. चुनखडीतल्या शार्कच्या दाताला किंवा हाडाच्या तुकड्याला असे संरक्षण नसते. मनावर परिसरात सिमेंटसाठी चुनखडीचे उत्खनन चालते, आणि नांगराखाली आलेला जीवाश्म बांधावर टाकला जातो.

डायनोसॉरच्या अंड्याला गिऱ्हाईक असते आणि बातमीही होते. सागरी हाडाच्या पृष्ठभागावरचे टाचणीच्या टोकाएवढे छिद्र मात्र जमवणाऱ्याच्या नजरेत येत नाही. प्रयोगशाळेत हाड घासून गुळगुळीत केले, तर ते छिद्र त्यासोबतच जाते. इंग्लंडमधील खडूच्या थरांतील हाडांचे सीटी स्कॅन करून अशा पोकळ्यांचे अनेक प्रकार २०२५ मध्ये ‘ओस्पेकस’ या नावाखाली वेगळे काढण्यात आले. त्यांतील कित्येक हाडे संग्रहालयांच्या कपाटांत फार पूर्वीपासून पडून होती. जमवणाऱ्यांनी ती न घासता, सापडली तशीच ठेवली होती.