आज्ञेचे व्याकरण

दिवाळीत मुलीचा मुलगा पुण्याहून पिंपळनेरला आला होता. आला म्हणायचे ते सुट्टीला, पण लॅपटॉप काही मांडीवरून उतरेना. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरे. ना चित्र, ना बटण. चष्मा सावरून मी शेजारी जाऊन बसलो.

"काय चाललंय रे?"

"नाना, कमांडचं ग्रामर लिहितोय."

चौतीस-पस्तीस वर्षे मराठीचे व्याकरण शिकवलेल्या माणसापुढे हा शब्द उच्चारला की तो माणूस उठून जात नाही! पुढचे दोन तास आमची शिकवणी झाली. या वेळी मास्तर तो आणि विद्यार्थी मी. त्यातून जे उमगले, आणि नंतर इकडून तिकडून वाचून जे जमवले, ते लिहून काढतो आहे.

गोष्ट अशी की, काही प्रोग्राम बटणे दाबून चालवत नाहीत. शब्द टाइप करून त्यांना आज्ञा द्यायची असते. प्रोग्राम मोठा असला की आज्ञांचीही उतरंड होते. आपला पत्ता नाही का... जिल्हा धुळे, तालुका साक्री, मुक्काम पिंपळनेर. जिल्हा कळल्याशिवाय तालुका शोधता येत नाही, तालुका कळल्याशिवाय गाव. तशी मोठी आज्ञा, तिच्या पोटात लहान, तिच्याही पोटात आणखी लहान. कोणत्या शब्दानंतर कोणता चालेल, कोणती माहिती दिलीच पाहिजे, कोणती नाही दिली तरी चालेल, हे सगळे एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवायचे. त्या लिहिण्याची एक छोटीशी भाषाच असते. प्रत्यक्ष काम कसे करायचे ते त्या फाइलीत नसते. काम सांगायचे कसे, एवढेच असते.

मला समजावे म्हणून त्याने शाळेचे उदाहरण घेतले:

दाखव
– विद्यार्थी : हजेरी क्रमांक हवाच
– वर्ग : इयत्ता हवीच, तुकडी दिली तर दिली
– निकाल : वर्ष हवेच

मग मला म्हणाला, "आता समजा कुणी 'दाखव विद्यार्थि 12' असं लिहिलं, तर?" मी म्हटले, "तर शुद्धलेखनाचा एक गुण कापायचा." तो हसला. म्हणाला, "मशीन गुण कापत नाही, नाना. ते सांगतं की 'दाखव' कळलं, 12 पण कळला, पण मधला शब्द यादीत नाही. 'विद्यार्थी' म्हणायचं होतं का?"

हे उत्तर डोक्यात घर करून बसले. का, ते शेवटी सांगतो.

आधी थोडा इतिहास. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली आपल्या लोकांनी बांधलेला संगणक चालू झाला. पंडित नेहरूंनी 1962 मध्ये त्याचे 'टिफ्रॅक' असे बारसे केले. 1964 मध्ये तिथे परदेशी बनावटीचा सीडीसी 3600 आला. त्या काळी कार्डांना भोके पाडून गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचे, अशी रीत होती. एक भोक चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. यंत्राशी समोरासमोर बोलण्याचा प्रकार अमेरिकेतल्या एमआयटीने 1961 मध्ये करून दाखवला. लुई पूझाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी तिथे काम करताना, माणसाची आज्ञा ऐकून ती पुढे पोचवणाऱ्या प्रोग्रामला 'शेल' म्हणजे कवच हे नाव सुचवले. ते आजही चालते.

1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केले. मोठी कामगिरी, वादच नाही. पण त्यात शेल फक्त शब्द सुटे करून प्रोग्रामच्या हाती द्यायचा. त्यांचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा. त्यामुळे जितकी घरे तितक्या चालीरीती. त्यांचा 'ईडी' नावाचा मजकूर-संपादक तर प्रसिद्धच आहे. काहीही चुकले की तो फक्त एक प्रश्नचिन्ह उमटवायचा. बस्स. काय चुकले, कुठे चुकले, ते तुमचे तुम्ही बघा.

याच्या उलट वाट डिजिटल कंपनीने धरली. 1977 मध्ये त्यांनी वॅक्स हे यंत्र आणि त्यासाठी व्हीएमएस ही प्रणाली जाहीर केली. त्यात आज्ञांची व्याख्या करायची एक स्वतंत्र भाषा होती. 'डिफाइन व्हर्ब' असे लिहून क्रियापद सांगायचे, मग त्याची कर्मे, मग त्याची विशेषणे, आणि शेवटी कोणत्या दोन गोष्टी एकत्र चालणार नाहीत ते. 'शो' या एकाच क्रियापदाच्या पोटात 'यूजर्स', 'टाइम' अशी पिल्ले, आणि प्रत्येक पिल्लाची वाक्यरचना निराळी. वाक्य बरोबर आहे का, हे प्रणाली आधीच तपासून घ्यायची. प्रोग्रामने मग नुसते विचारायचे, अमुक शब्द आला आहे का, त्याची किंमत काय. आणि चुकलेच, तर जो शब्द कळला नाही तोच शब्द दोन तिरप्या रेघांच्या मध्ये धरून दाखवायचा! वहीत चुकलेल्या शब्दाभोवती गोल करावा, तसे.

ही व्हीएमएस म्हणजे कुठली परकी गोष्ट, असे समजू नका. आपल्या रेल्वेचे संगणकीय आरक्षण 1985 मध्ये दिल्लीत सुरू झाले, 1987 मध्ये मुंबईला आले आणि 1999 मध्ये देशभराची केंद्रे एकमेकांना जोडली गेली. ते सारे अनेक वर्षे याच घराण्यातल्या यंत्रांवर चालले. आम्हा पिंपळनेरकरांना आगगाडी गाठायची तर आधी एसटीने धुळे नाहीतर नंदुरबार गाठावे लागते. पण खिडकीपलीकडच्या माणसाने काळ्या पडद्यावर चार अक्षरे बडवून तिकीट हातात दिलेले आम्हीही पाहिले आहे.

आयबीएमने 1978 मध्ये सिस्टम 38 जाहीर केले, आणि 1988 मध्ये त्याचा वारस एएस 400. त्यांनीही आज्ञांच्या व्याख्या अशाच लिहून ठेवल्या. वर आणखी एक सोय केली. आज्ञा अर्धवट आठवत असेल तर एक कळ दाबायची, की त्याच व्याख्येतून पडद्यावर भरायचा नमुना तयार! कोणत्या रकान्यात काय हवे, ते समोर लिहिलेले. तलाठ्याकडच्या गाव नमुना सातचे रकाने ज्याने पाहिले आहेत, त्याला हे वेगळे समजावायला नको.

आता माझ्यातला मराठीचा मास्तर जागा होतो. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 सालचे. इतिहासाचार्य राजवाडे गेल्यावर त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले, आणि त्यांनी जमवलेल्या मराठी क्रियापदांच्या मुळांचा 'धातुकोश' धुळ्याहूनच छापला गेला. एका भाषेतली सगळी क्रियापदे एका जागी मांडावीत, ही ओढ तीच. संगणकाच्या भाषांचे नियम लिहायची पद्धत जॉन बॅकस यांनी 1959 मध्ये मांडली. पुढे 1967 मध्ये इंगरमन नावाच्या एका संगणकतज्ज्ञाने लिहिले की, असे काम पाणिनीने फार आधी करून ठेवले आहे, तेव्हा या पद्धतीला त्याचेही नाव द्यावे. अभिमानाने छाती फुगवायला मी हे सांगत नाही. सांगायचे एवढेच की, जे तोंडी चालते ते कधीतरी लिहून काढावे लागते, कारण तोंडी चालवणारा माणूस कायमचा नसतो.

लिहिलेली उतरंड बदलतेही. आपले खानदेशच घ्या. 1906 पर्यंत एक जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा निघाला. त्यानंतरही कितीतरी दिवस लोक पाकिटावर 'नंदुरबार, जिल्हा धुळे' असेच लिहीत, आणि पोस्टमन ते पोचवत. जुना पत्ता लिहिणारा चुकार नसतो, सवयीचा असतो. 2017 च्या जानेवारीत डॉकर या प्रसिद्ध प्रोग्रामने आपल्या पसरलेल्या आज्ञांची अशीच नवी वाटणी केली. जुने 'डॉकर पीएस' नव्या उतरंडीत 'डॉकर कंटेनर एलएस' झाले. पण जुनी आज्ञाही चालू ठेवली. नातू म्हणाला, "लोकांच्या बोटांना सवय असते, नाना." आमच्या पोस्टमनला हे कुणी शिकवले नव्हते.

आता ते उत्तर डोक्यात का बसले, ते सांगतो.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वर्गात एक मुलगा होता. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून यायचा. घरात एक बोली, बाजारात अहिराणी, आणि पुस्तकात तिसरीच मराठी. निबंधात तो 'माझा बाप' ऐवजी 'मना बाप' लिहायचा. क्रियापदेही तशीच. मी तरुण होतो, कडक म्हणून नाव होते. मी त्याच्या ओळीपुढे लाल शाईने एक प्रश्नचिन्ह काढायचो. प्रत्येक ओळीपुढे एक. बाजूला एक शब्द लिहिला नाही. वही परत मिळाली की तो ती बघायचा, मिटायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. घरची कारणेही असतील, पोटासाठी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे होती ती. पण मी चौकशीलाही गेलो नाही.

त्याचे वाक्य चुकीचे नव्हते. कर्ता होता, कर्म होते, क्रियापद होते. फक्त दोन शब्द माझ्या यादीत नव्हते. त्या दोन शब्दांभोवती गोल करून बाजूला 'माझा' लिहायला मला किती शाई लागली असती?

म्हणजे यंत्राने 1977 मध्ये जे केले, ते मला माणूस असून जमले नव्हते. नियम लिहून काढायचे, ते चुकणाऱ्याला पकडायला नव्हे. तो कुठवर बरोबर आला आहे, हे त्याला सांगता यावे म्हणून. चांगल्या व्याकरणाचा खरा उपयोग हाच, असे आता वाटते. निवृत्त झाल्यावर कळून काय उपयोग, म्हणाल. खरे आहे.

नातू परत जाण्याच्या आदल्या रात्री मी त्याला विचारले, "तुझ्या त्या फाइलीत चुकीच्या शब्दाला काय उत्तर देणार आहेस?"

"अजून लिहिलं नाही. सध्या नुसतं 'एरर' येतं."

म्हटले, "ते आधी लिही. बाकीचं मग."

त्याने मान डोलावली. लिहिले असेल की नाही, देव जाणे. फोन आला की विचारीन.