१४. बोडेगा बेचे पक्षी

आल्फ्रेड हिचकॉक दिग्दर्शित ‘द बर्ड्स’ (१९६३) या अमेरिकी भयपटाचा हा निर्देश असून, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील बोडेगा बे या लहान मच्छीमार गावावर कुरव, कावळे असे नित्य परिचयाचे पक्षी एकाएकी थव्यांनी हल्ले करू लागतात, एवढेच त्याचे कथासूत्र आहे. डॅफ्ने द्यू मोरिए यांच्या ज्या दीर्घकथेवर (१९५२) तो आधारलेला आहे, ती इंग्लंडमधील कॉर्नवॉलमध्ये घडते. पटकथाकार इव्हान हंटर यांनी स्थळ आणि पात्रे दोन्ही बदलली. हल्ल्यांचे कारण चित्रपटात कोठेही उलगडत नाही, आणि त्यातील भीती मुख्यतः याच मौनावर उभी आहे. रूढ पार्श्वसंगीतही त्यात नाही. पक्ष्यांचा बराचसा कलकलाट ऑस्कर साला यांच्या ट्राउटोनियम या विद्युत्-वाद्यावर निर्माण केलेला आहे. मूळ परिच्छेदात पुढे येणारी ‘कॅपिटोलाची रात्र’ मात्र खरी घडलेली आहे : ऑगस्ट १९६१ मध्ये मॉन्टेरे उपसागराकाठच्या कॅपिटोला या गावी शिअरवॉटर जातीचे समुद्रपक्षी भरकटून घरांवर आदळले होते, आणि सूक्ष्म शैवालांत तयार होणारे डोमोइक आम्ल हे विष माशांवाटे त्यांच्या पोटात गेले असावे, असे अनुमान संशोधकांनी पुढे मांडले.