आखूड नळीचा पेच

वारज्याहून उत्तरेकडे बावधन ओलांडले की पाषाण. तेथील ए.आर.डी.ई. प्रयोगशाळेने 5.56 मिलिमीटरची इन्सास रायफल घडवली. स्फोटातला थोडा वायू नळीच्या छिद्रातून घ्यायचा, त्याने दट्ट्या ढकलून रिकामी पुंगळी बाहेर फेकायची, ही तिची रीत. (सायकलचा पंप उलटा चालला असे समजू.) मग नळी आखूड केली तर? गोळी तोंडाबाहेर पडताच दाब कोसळतो. छिद्र पुढे ठेवले तर वेळ अपुरा. मागे आणले तर दाब अतोनात, हिसका मोठा. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने एम-16 आखूड केली, तेव्हा नळीच्या तोंडाशी दाब धरणारे नळकांडे बसवावे लागले. ऐन लढाईत अडणारी बंदूक कोण हाती घेईल? पाषाणच्या कार्बाइनसाठी पुंगळीच 45 ऐवजी 30 मिलिमीटरची, म्हणजे दारूच कमी. तिच्या अखेरच्या चाचण्या डिसेंबर 2020 मध्ये झाल्या, काडतुसे खडकीची.