तळाच्या चिखलातील मोजदाद

जतसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात तलाव आटला की तळाचा चिखल उघडा पडतो. खोल समुद्राचा तळ असा कधी दिसत नाही. तेथला चिखल वर आणूनच पाहावा लागतो.

1987 साली भारताला मध्य हिंदी महासागरात बहुधातुक गोट्यांच्या शोधासाठी क्षेत्र मिळाले. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले हे गोटे पाच किलोमीटरच्या आसपास खोलीवर विखुरलेले आहेत. ते खरवडून काढले तर तेथील जीवांचे काय होईल? हे पाहण्यासाठी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 1997 मध्ये तळाचा एक पट्टा मुद्दाम ढवळला. लांबी सुमारे तीन किलोमीटर, रुंदी 200 मीटर. ढवळण्यापूर्वी, लगेच नंतर आणि पुढे 2001 पासून पुन्हा चिखलाचे नमुने काढले गेले.

अशा चिखलात मोठे प्राणी थोडेच. दाट वस्ती सूत्रकृमींची. त्यांच्या जोडीला हारपॅक्टिकॉइड हे चिमुकले कवचधारी. खेकडा-कोळंबीचे हे नातलग बहुधा मिलिमीटरभरही नसतात. ते मुख्यतः चिखलाच्या वरच्या काही सेंटिमीटरांत राहतात आणि यंत्र नेमका तोच थर उधळते.

पण संख्या घटली म्हणून लगेच यंत्राला दोष देता येत नाही. या जीवांचे अन्न पृष्ठभागावरून झिरपत येते, तेही वर्षागणिक कमी-जास्त. म्हणून न ढवळलेल्या जागेचीही मोजणी हवी, वर्षानुवर्षे. प्रयोगशाळेत आपण तुलनेसाठी वेगळी परीक्षानळी ठेवतो, तसेच हे. शिवाय ढवळलेला पट्टा जेमतेम 0.6 चौरस किलोमीटरचा होता. प्रत्यक्ष खाणकाम एवढ्यावर थांबणारे नाही.