तालुक्याचा वकील : जमीन-मिळकत आणि सरकारी प्रकरणांसाठी नेमणूक कशी करावी?

गावाकडची जमीन, गावठाणातील घर, वारसाची नोंद, भूसंपादनाची नोटीस किंवा अतिक्रमणाचा ठपका. अशा प्रसंगी सर्वसामान्य माणसाला प्रथम जावे लागते ते तालुक्याच्या ठिकाणी. तलाठी म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख कार्यालय आणि दिवाणी न्यायालय ही सारी यंत्रणा तेथेच असते. नोकरी-व्यवसायानिमित्त इंदूर, बडोदा, हैदराबाद वा दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही वडिलोपार्जित मिळकतीसाठी याच दारी यावे लागते. स्थावर मिळकतीचा दावा सामान्यतः मिळकत ज्या न्यायालयाच्या हद्दीत असेल तेथेच दाखल करावा लागतो. ही तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ मध्ये आहे. त्यामुळे राहत्या शहरात नामांकित वकील असला, तरी तालुक्यातील अनुभवी वकिलाची गरज संपत नाही.

तालुक्याच्या वकिलाचे वैशिष्ट्य

मिळकतीच्या प्रकरणात निकाल बहुधा कागदावर ठरतो आणि हे कागद अनेक कार्यालयांत विखुरलेले असतात. महाराष्ट्रात गाव नमुना सात-बारा, आठ-अ हा खातेउतारा, नमुना सहा ही फेरफार नोंदवही आणि सहा-क ही वारस नोंदवही महसूल खात्याकडे असते. मोजणीचे टिपण, फाळणीबारा, आकारबंद आणि कमी-जास्त पत्रक भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. नोंदणीकृत दस्तांची सूची दुय्यम निबंधकाकडे असते. ज्या गावांत १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना राबवली गेली, तेथे जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. त्या वेळी क्षेत्रात वा हद्दीत पडलेला फरक आजही अनेक वादांच्या मुळाशी आहे.

अनेक वर्षे तालुक्यात वकिली केलेल्या व्यक्तीला हा प्रदेश ठाऊक असतो. कोणत्या गावात एकत्रीकरण झाले, कोणते जुने दफ्तर जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात गेले, कोणत्या जमिनी इनाम, कूळकायदा वा शासकीय वाटपातून आल्याने भोगवटादार वर्ग दोनच्या आहेत, हे त्याला माहीत असते. वर्ग दोनच्या जमिनीची विक्री सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना केल्यास पुढे शर्तभंगाची कारवाई ओढवू शकते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार कडक निर्बंध आहेत. खरेदीपूर्वी असा दोष दाखवून देणारा वकील पुढील अनेक वर्षांचा दावा वाचवतो. म्हणून वाद उभा राहिल्यावर धावाधाव करण्यापेक्षा व्यवहारापूर्वीच त्याच्याकडून शोध अहवाल घेणे श्रेयस्कर ठरते. हा शोध प्रचलित पद्धतीनुसार मागील तीस वर्षांचा असतो.

महसूल की दिवाणी?

अनुभवी वकिलाची खरी परीक्षा दार ओळखण्यात असते. सात-बारावर आपले नाव आहे, म्हणून मालकी सिद्ध झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. महसुली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, हे संहितेच्या कलम १५७ मध्ये सांगितले आहे. तथापि फेरफाराने मालकी निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सावर्णी विरुद्ध इंदर कौर या प्रकरणात स्पष्ट केले. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा उतारा तर कर आकारणीसाठी असतो. तो मालकीचा दस्त नव्हे.

नोंद चुकीची असल्यास महसूल अधिकाऱ्यांकडे जावे लागते. मालकीचा वाद मात्र दिवाणी न्यायालयातच मिटतो. शेतरस्ता वा पाण्याचा प्रवाह कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. नवा रस्ता बांधावरून हवा असल्यास संहितेच्या कलम १४३ चा अर्ज करावा लागतो. दोन्ही अर्ज एकाच कार्यालयात जात असले, तरी त्यांचे निकष निराळे आहेत. चुकीच्या कलमाखाली केलेला अर्ज काही वर्षांनी तांत्रिक कारणावरून फेटाळला जातो आणि दरम्यान खरी मुदत निघून जाते.

बहिणींच्या हिश्श्याची प्रकरणे हे याचे नेहमीचे उदाहरण. वडिलांच्या पश्चात फेरफारात फक्त भावांची नावे लागली, म्हणून मुलीचा हक्क बुडत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आली. सहदायकी मिळकतीत मुलीला जन्मतःच हक्क आहे आणि त्यासाठी त्या तारखेस वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले वाटप वा हस्तांतर या तरतुदीने मोडत नाही. त्यामुळे जुने वाटणीपत्र नोंदणीकृत होते काय, हक्कसोडपत्रावर सही कोणी व कशी केली, याची तपासणी दाव्यापूर्वीच व्हावयास हवी.

मुदतीचे भान

सरकारी प्रकरणांत मुदती अल्प असतात. जिल्हाधिकाऱ्याहून कनिष्ठ महसूल अधिकाऱ्याच्या आदेशावर अपील करण्यासाठी साठ दिवस मिळतात. अन्य आदेशांबाबत ही मुदत नव्वद दिवसांची आहे. मामलेदार न्यायालयातील दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. एखादी जमीन सरकारची की खासगी, याविषयी संहितेच्या कलम २० खाली आदेश झाल्यास त्याविरुद्ध एक वर्षाच्या आत दिवाणी न्यायालयात जावे लागते. शासनाविरुद्ध दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तातडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने यातून सूट मिळू शकते. ही नोटीस नीट लिहिणे हे कौशल्याचे काम आहे.

भूसंपादनात ही दक्षता अधिकच महत्त्वाची ठरते. २०१३ च्या कायद्याखाली मोबदला अपुरा वाटल्यास कलम ६४ नुसार वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येतो. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यास त्यासाठी सहा आठवडे मिळतात. रक्कम स्वीकारताना ‘हरकत राखून’ असे नमूद केले नाही, तर हा अर्ज करण्याचा हक्कच जातो. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्याखाली जमीन गेली असेल, तर मार्ग पुन्हा वेगळा. तेथे मोबदल्याचा वाद लवादापुढे न्यावा लागतो. धनादेश हाती घेण्यापूर्वी वकिलाला कागद दाखवणे किती आवश्यक आहे, हे यावरून लक्षात यावे.

मिळकत अन्य राज्यात असल्यास

जमीन महसूल हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील अनुभव सीमेपलीकडे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. कर्नाटकात पहाणी उतारा पाहावा लागतो, तर मध्य प्रदेशात खसरा आणि बी-वन. गोव्यात नमुना एक व चौदा हे भूमापनाचे उतारे आहेत. शिवाय गोव्यात पोर्तुगीजकालीन नागरी संहितेचा वारसा असल्याने विवाहानंतर मिळकतीवर सामान्यतः पती-पत्नी दोघांचा हक्क मानला जातो. एकट्या पतीच्या सहीवर केलेली घराची खरेदी तेथे अडचणीत येऊ शकते. अशा ठिकाणी स्थानिक वकीलच नेमावा.

नेमणुकीपूर्वीची चौकशी

वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. म्हणून फलक वा कार्यालयाचा थाट यांवरून निवड करू नये. संबंधित व्यक्ती राज्य बार कौन्सिलच्या पटावर नोंदलेली आहे काय, हे सनद क्रमांकावरून पडताळता येते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एकच बार कौन्सिल आहे. तहसील आवारात ‘काम करून देतो’ म्हणणारे मध्यस्थ, दस्तलेखक वा मुद्रांक विक्रेते म्हणजे वकील नव्हेत.

पहिल्या भेटीत काही प्रश्न नि:संकोचपणे विचारावेत. अशा स्वरूपाची किती प्रकरणे चालवली आहेत? दावा कोणत्या कार्यालयात वा न्यायालयात करणार आणि का? आपली बाजू कोठे कमकुवत आहे? शेवटच्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर देणारा वकील विश्वासास पात्र समजावा. निकालाची हमी देणाऱ्यापासून किंवा अमुक साहेबांशी ओळख आहे, असे सांगणाऱ्यापासून दूर राहणे बरे.

लहान गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. हेच तालुक्याच्या वकिलाचे बळ आहे आणि हाच धोकाही. वादातील शेजारी वा भाऊबंद हा त्याच वकिलाचा जुना पक्षकार असू शकतो. अशा संबंधाची माहिती नेमणुकीच्या वेळीच पक्षकारास देणे वकिलाचे कर्तव्य आहे. एका पक्षाला सल्ला दिल्यावर वा त्याचे दस्त तयार केल्यावर त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम स्वीकारता येत नाही. पूर्वी कोणाचे काम केले आहे काय, हे थेट विचारण्यात कसलाही अनादर नाही.

वकालतनामा, फी आणि कागदपत्रे

वकालतनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचावा. कोऱ्या कागदावर वा कोऱ्या मुद्रांकावर सही देऊ नये. वकालतनामा आणि कुलमुखत्यारपत्र यांत मोठा फरक आहे. पहिल्याने प्रकरण चालवण्याचा अधिकार मिळतो, दुसऱ्याने मिळकतीचा व्यवहार करण्याचाही अधिकार देता येतो. परगावी राहणाऱ्यांनी मुखत्यारपत्र दिलेच, तर ते ठरावीक कामापुरते असावे. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते. स्पष्ट संमतीविना पक्षकाराचे हक्क सोडणारी तडजोड वकिलाने करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे.

फी आधी ठरवावी आणि शक्यतो लेखी. न्यायालयीन शुल्क, नकलांचा खर्च व वकिलाची फी यांचा हिशेब स्वतंत्र ठेवून पावती घ्यावी. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणे हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार निषिद्ध आहे. वाढीव मोबदल्याच्या प्रकरणांत शेतकऱ्यांपुढे टक्केवारीचा प्रस्ताव येतो. जमीन कायमची गेलेल्या कुटुंबाच्या हाती उरणारी ही शेवटची रक्कम असते. म्हणून असा प्रस्ताव स्वीकारू नये.

मूळ दस्त स्वतःजवळ ठेवून वकिलाकडे प्रती द्याव्यात. मूळ कागद देणे भाग पडल्यास यादीवर पोच घ्यावी. फी थकली, या कारणास्तव वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. दिवाणी दाव्याला सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्यावरून ई-कोर्ट्स सेवेवर पुढील तारीख घरबसल्या पाहता येते. प्रकरण एकतर्फी निघाल्यास हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी साधारणतः तीसच दिवस असतात. त्यामुळे तारखांची नोंद पक्षकारानेही ठेवावी.

वकिली परवडत नसल्यास

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, आपत्तीग्रस्त तसेच ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळू शकतो. महिलांसाठी उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे हिश्श्यासाठी झगडणाऱ्या बहिणीला वा विधवेला ही वाट खुली आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. राष्ट्रीय प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० हा आहे.

वकिलाच्या गैरवर्तनाविरुद्ध अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक न्यायालयाचा मार्ग मात्र उपलब्ध नाही. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी स्पष्ट केले. वकील बदलण्याचा हक्क पक्षकाराला सदैव असतो. त्या वेळी जुन्या वकिलाची संमती घ्यावी. ती न मिळाल्यास न्यायालयाची परवानगी मागता येते. नव्या वकिलाकडे जाताना सर्व आदेशांच्या प्रमाणित नकला आणि पुढील तारीख हाती असणे आवश्यक आहे, कारण वकील बदलला तरी मुदत थांबत नाही.